भुसभुशीत बर्फ, पक्की वाट : स्नोकॅट स्कीइंगच्या पन्नास वर्षांचा आढावा

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, कूटने सरोवराच्या उत्तर टोकापाशी मेडो क्रीक नावाची चिमुकली वस्ती आहे. १९७५ साली ॲलन आणि ब्रेंडा ड्रुरी या जोडप्याने तिथे एक वेगळाच धंदा काढला. स्की-रिसॉर्टमध्ये बर्फ चोपून सपाट करणाऱ्या पट्ट्यांच्या यंत्रावर बंद केबिन बसवायची, तिच्यात दहा-बारा पाहुणे भरायचे, त्यांना सेल्कर्क पर्वताच्या धारेवर नेऊन सोडायचं आणि गाइडच्या मागोमाग कोऱ्या, गुडघाभर बर्फातून खाली उतरवायचं. खाली तेच यंत्र पुन्हा वर नेण्यासाठी हजर. त्यांची सेल्कर्क विल्डरनेस स्कीइंग ही जगातली पहिली स्नोकॅट स्कीइंग कंपनी मानली जाते.

पुढे ही कल्पना कोलोरॅडो-वायोमिंगपासून जपानच्या होक्काइडोपर्यंत पोहोचली. तरी तिचं मुख्य ठाणं अजून ब्रिटिश कोलंबियाच आहे. फर्नीजवळचं आयलंड लेक लॉज, नेल्सनजवळचं बाल्डफेस, गोल्डनच्या उत्तरेचं चॅटर क्रीक ही नावं जगभरच्या हौशी स्कीअरांना तोंडपाठ असतात.

धंदा स्थिरावला तसे त्याच्याभोवतीचे वादही स्थिरावले. गाइड बरोबर असला म्हणजे हिमस्खलनाचा धोका नेमका किती कमी होतो? डोंगरातल्या कॅरिबू हरणांचं या वर्दळीमुळे काय होतं? चढायला डिझेल जाळायचं आणि उतरायला थंडी हवी, हा हिशेब कसा जुळवायचा? आणि सरकारी डोंगरावर पहिला हक्क कोणाचा? हे चार प्रश्न वरवर वेगळे दिसतात, पण त्यांच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. स्कीअरांना वर नेणारं हेलिकॉप्टर हवेतून जातं, बर्फावर वाट सोडत नाही. स्नोकॅट बर्फ दाबत, रस्ता करत जातं आणि तो रस्ता हिवाळाभर तिथेच राहतो. या प्रकाराचे फायदे आणि त्यावरचे आक्षेप बहुतेक वेळा त्या रस्त्यापाशीच येऊन थांबतात.

यंत्र आणि धंदा

बर्फावर चालणारी पट्ट्यांची गाडी मुळात स्कीइंगसाठी जन्मलेली नाही. अमेरिकेत ओरेगनमधल्या मेडफर्डला एमिट टकर यांच्या कारखान्यात बनलेल्या ‘स्नो-कॅट’ गाड्या घेऊन व्हिव्हियन फुक्स यांच्या राष्ट्रकुल मोहिमेने १९५७-५८ मध्ये अंटार्क्टिका खंड ९९ दिवसांत आरपार ओलांडला. याच मोहिमेत पलीकडच्या बाजूने एडमंड हिलरी साधे शेतीचे ट्रॅक्टर हाकत दक्षिण ध्रुवावर पोहोचले होते. नंतर रिसॉर्टमधले उतार सपाट करण्यासाठी अशा यंत्रांना मोठी मागणी आली. आज या बाजारात जर्मनीची पिस्टनबुली आणि इटलीची प्रिनोथ ही दोन नावं पुढे आहेत.

दुसरीकडे, मूळचे ऑस्ट्रियाचे गाइड हान्स ग्मोझर यांनी १९६५ साली बुगाबू पर्वतरांगेत हेलिकॉप्टरने स्कीअर वर नेण्याचा व्यवसाय सुरू केला होता. तो जोरात चालला, पण महाग होता आणि हवा बिघडली की ठप्प व्हायचा. ढग खाली उतरले, बर्फ धो धो पडू लागला की वैमानिक उडत नाही. आणि स्कीअरला नेमका तोच दिवस हवा असतो. स्नोकॅटने ही फट भरून काढली. ते हळू चढतं, दिवसाकाठी साधारण तीन ते पाच हजार मीटर उतरण मिळते, पण ते धुक्यातही चालतं आणि खर्च बराच कमी येतो.

मात्र रस्ता जिथे नेता येतो तिथेच कॅट जातं. त्यामुळे कॅट कंपन्यांचं क्षेत्र हेलिकॉप्टरवाल्यांपेक्षा लहान असतं, उतार ठरलेले असतात, आणि त्यातले पुष्कळसे झाडीतले. पुढच्या सगळ्या चर्चेत ही मर्यादा लक्षात ठेवावी लागते.

एक दिवस

पाहुण्यांचा दिवस नाश्त्यानंतर सुरू होतो, गाइडांचा त्याच्या कितीतरी आधी. पहाटेच्या बैठकीत रात्रीचं हिममान, वाऱ्याची दिशा, तापमान आणि शेजारच्या कंपन्यांनी कळवलेली निरीक्षणं मांडली जातात. कॅनडाच्या हिमस्खलन संघटनेने चालवलेली ‘इन्फोएक्स’ ही देवाणघेवाण १९९१ पासून सुरू आहे. धंद्यात एकमेकांचे स्पर्धक असलेले लोक रोज संध्याकाळी आपापल्या डोंगराची माहिती एकमेकांना देतात. मग उतारांची यादी समोर येते. प्रत्येक उतार त्या दिवसापुरता उघडा की बंद हे सर्वांनी मिळून ठरवायचं. एकाचा जरी नकार आला तर उतार सहसा बंद राहतो आणि दिवसभरात हवा कितीही छान झाली तरी तो ऐनवेळी उघडायचा नाही, अशी अनेक ठिकाणची शिस्त आहे.

मग पाहुण्यांची तालीम. प्रत्येकाच्या अंगावर ४५७ किलोहर्ट्झवर संदेश सोडणारा ट्रान्सीव्हर, पाठीवर फावडं आणि जोडून लांब होणारी सळई. गाइड एक ट्रान्सीव्हर बर्फात पुरून ठेवतो. पहिल्यांदा आलेला माणूस यंत्र छातीशी धरून धावत सुटतो, बाणाकडे न बघता. त्याला थांबवून, यंत्र बर्फाला टेकवून, आकडा सर्वांत कमी दिसेपर्यंत आडवं-उभं फिरवायला लावतात. मग सळई गोल गोल खुपसत जायची. काहीतरी मऊ लागलं की ती तिथेच ठेवायची आणि उताराच्या खालच्या बाजूने खणायचं. खणायला सर्वांत जास्त वेळ लागतो, हे एकदा फावडं हातात घेतल्यावर कुणाला सांगावं लागत नाही.

वर पोहोचल्यावर कधी कधी गाइड खड्डा खणून बर्फाचे थर पाहतो. ३० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा खांब चारी बाजूंनी मोकळा करायचा, वर फावडं आडवं ठेवायचं आणि त्यावर चापट्या मारायच्या : मनगटातून दहा, कोपरातून दहा, खांद्यातून दहा. बाराव्या-तेराव्या चापटीला खांबाचा वरचा भाग पेटीतल्या खणासारखा सपकन पुढे सरकला, तर आत कुठेतरी कमजोर थर दबून बसला आहे हे कळतं. थंड, निरभ्र रात्री पृष्ठभागावर उगवलेले पिसांसारखे हिमस्फटिक नंतरच्या बर्फाखाली गाडले गेले की असा थर होतो, आणि तो आठवडेच्या आठवडे टिकू शकतो.

उतरताना पुढे मुख्य गाइड, शेवटी दुसरा गाइड. झाडीत जोड्या लावल्या जातात आणि हाका मारत राहायचं असतं. कारण झाडाच्या बुंध्याभोवती, खालच्या फांद्यांनी झाकलेली पोकळी असते. तिच्यात डोकं खाली-पाय वर असा माणूस पडला की भुसभुशीत बर्फ आत ओघळतो आणि श्वास कोंडतो. मुद्दाम केलेल्या प्रयोगांत सुमारे ९० टक्के लोकांना अशा पोकळीतून स्वतःच्या बळावर बाहेर येता आलं नाही. इथे हिमस्खलन नसतं, आवाजही नसतो. जोडीदाराच्या लक्षात येणं हाच उपाय.

गाइडमुळे धोका किती कमी होतो?

कॅनडातल्या हेलिकॉप्टर आणि स्नोकॅट स्कीइंगच्या १९७० ते २०१६ या काळातल्या अपघातांचा एकत्र अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार नैसर्गिक धोक्यांमुळे होणारे मृत्यू, स्कीइंगच्या दिवसांच्या प्रमाणात, दशकांगणिक घटत गेले आहेत. मृत्यूंमध्ये हिमस्खलनाचा वाटा सर्वांत मोठा, त्याखालोखाल झाडाजवळच्या पोकळ्यांचा. गाइडांच्या संघटना या घटीचं श्रेय प्रशिक्षणाला, इन्फोएक्सला आणि सामूहिक निर्णयाला देतात. स्नोकॅटच्या बाजूने त्या आणखी एक मुद्दा मांडतात : क्षेत्र लहान, उतार तेच, त्यामुळे गाइडला प्रत्येक घळ पाठ असते. शिवाय हंगामाच्या सुरुवातीपासून स्कीअर फिरत राहिल्याने कमजोर थर मोडले जातात.

यावर शंका घेणारेही आहेत, आणि ते अनुभवी लोक आहेत. परिचय हाच एक सापळा आहे, असं त्यांचं म्हणणं. अमेरिकेचे संशोधक इयन मॅकॅमन यांनी १९७२ ते २००३ मधल्या ७१५ अपघातांची छाननी करून दाखवलं की ओळखीच्या उतारावर प्रशिक्षित माणसंही सैल वागतात आणि गटात कुणी तज्ज्ञ असला की बाकीचे स्वतः विचार करणं सोडून देतात. दुसरं, थर मोडायला जेवढी वर्दळ लागते तेवढी वर्दळ झालेला उतार पाहुण्याला नको असतो. त्याला कोरा बर्फ हवा असतो. म्हणजे सुरक्षितता आणि ज्यासाठी पैसे मोजले ते सुख यांची ओढ थोडी उलट दिशांना आहे.

अनुभवाला मर्यादा आहेत हे २० जानेवारी २००३ रोजी कटूपणे दिसलं. सेल्कर्कमध्येच, गाइडसह पायी चढणाऱ्या गटावर हिमस्खलन कोसळून सात जण गेले. त्यांत स्नोबोर्डिंगमधले दिग्गज क्रेग केली होते, जे स्वतः गाइड होण्याचं शिक्षण घेत होते. बारा दिवसांनी रॉजर्स पासजवळ सात शाळकरी मुलं दगावली. त्या हिवाळ्यानंतर सामान्य लोकांना हिमस्खलनाचे अंदाज देणारं राष्ट्रीय केंद्र उभं राहिलं. आजची ॲव्हलांच कॅनडा ही संस्था त्यातूनच आली.

साधनांबाबतही एकमत नाही. फुगणाऱ्या एअरबॅगमुळे, २०१४ च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासानुसार, हिमस्खलनात गंभीरपणे सापडलेल्यांचं मृत्युप्रमाण २२ वरून ११ टक्क्यांवर येतं. पण त्याच अभ्यासात पाचातली एक पिशवी फुगलीच नव्हती, आणि त्यामागचं सर्वांत मोठं कारण माणसाने दोरी न ओढणं हे होतं. गाडल्या गेलेल्यांच्या जगण्याची शक्यता पहिल्या दहा मिनिटांनंतर वेगाने घसरते. कॅनडाच्या आकडेवारीत ही घसरण स्वित्झर्लंडपेक्षा लवकर सुरू होते. कॅनडातल्या झाडांवर आपटून होणाऱ्या दुखापती आणि दमट, जड बर्फ ही कारणं दिली जातात.

आणि मग सही. पहिल्या दिवशी पाहुण्यापुढे हक्क सोडल्याचा कागद येतो. १९९१ मध्ये बुगाबूत एका हेलिस्कीइंग गटातले नऊ जण हिमस्खलनात मरण पावल्यावर एका मृताच्या कुटुंबाने दावा लावला. १९९६ मध्ये प्रांताच्या न्यायालयाने तो फेटाळला आणि तो कागदही वैध ठरवला. धंद्याच्या मते या निकालामुळेच विमा परवडतो. टीकाकारांच्या मते, ज्याला थरांतलं काही कळत नाही त्याची ‘धोका समजून दिलेली’ संमती कितपत खरी, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

भारतीय वाचकाला तुलनेसाठी गुलमर्ग जवळचं. २००५ मध्ये तिथल्या गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवटच्या उतारावर जवळपास ४,००० मीटरपर्यंत गेला आणि तिकीट काढणाऱ्या कुणालाही कोऱ्या बर्फाचं दार उघडलं. १ फेब्रुवारी २०२३ रोजी तिथे हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीअर मरण पावले. वर नेणारं साधन आणि उतरवणारा गाइड एकाच व्यवस्थेत बांधलेले असणं, हे स्नोकॅटचं वेगळेपण या तुलनेत स्पष्ट दिसतं.

कॅरिबू आणि लांडग्याची वाट

या डोंगरातले कॅरिबू हिवाळ्यात इतरांच्या उलट वागतात. बर्फ साचला की ते वर चढतात. तीन-चार मीटर बर्फाच्या थरावर उभं राहून जुन्या झाडांच्या फांद्यांवरून लोंबणारं, दाढीसारखं शैवाक खातात. गोडा मसाल्यात पडणारं दगडफूल याच कुळातलं. पसरट खुरांमुळे ते बर्फात फारसे बुडत नाहीत, लांडगे मात्र बुडतात. खोल बर्फ हेच त्यांचं संरक्षण, आणि तोच खोल बर्फ स्कीअरला हवा असतो.

दक्षिण सेल्कर्कमधला कळप २०१८ च्या पाहणीत तीन माद्यांवर आला होता. जानेवारी २०१९ मध्ये उरलेली शेवटची मादी पकडून उत्तरेला हलवली गेली आणि अलास्का वगळता अमेरिकेतून वन्य कॅरिबू संपले. त्याआधी मे २०१८ मध्ये कॅनडाच्या संघीय सरकारने दक्षिणेकडच्या पर्वती कॅरिबूंच्या पुनरुज्जीवनाला तातडीचा धोका असल्याचं जाहीर केलं होतं.

मूळ कारणाबद्दल शास्त्रज्ञांत बऱ्यापैकी एकवाक्यता आहे. जुनं जंगल तोडलं की कोवळी झुडपं उगवतात, त्यांच्यावर मूस आणि इतर हरणं वाढतात, त्यांच्यामागे लांडगे वाढतात आणि जाता जाता कॅरिबूही मारले जातात. मतभेद आहे तो यात हिवाळी पर्यटनाचा वाटा किती यावर.

एक बाजू सांगते की दाबलेली वाट लांडग्याला आयता रस्ता देते आणि यंत्रांचा वावर कॅरिबूंना चांगल्या चराईतून हुसकावतो. स्नोमोबाइलच्या वर्दळीमुळे कॅरिबू आपलं क्षेत्र सोडतात हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. दुसऱ्या एका संशोधनात लेंड्यांमधली ताणाची संप्रेरकं यांत्रिक वर्दळीच्या परिसरात वाढलेली आढळली. अमेरिकेतल्या वुल्व्हरिनवरच्या २०१९ च्या अभ्यासाने तर पायी स्कीइंग करणाऱ्यांचीही सुटका केली नाही. हा प्राणी, विशेषतः माद्या, यंत्रवाले आणि पायी फिरणारे या दोघांनाही टाळतात.

कंपन्यांचं उत्तर असं, की कॅट कुठेही भटकत नाही. ते ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या वेळी जातं, चालवणारा प्रशिक्षित असतो आणि प्राणी दिसला की उतार बंद करणं, अंतर राखणं, नोंद कळवणं हे नियमांत बांधलेलं आहे. मोकाट स्नोमोबाइलशी त्याची बरोबरी करणं त्यांना अन्यायाचं वाटतं. शिवाय रोज डोंगरात असणारे तेच असल्याने कळपांची माहितीही त्यांच्याकडूनच मिळते. विरोधकांचं यावर म्हणणं, की अंदाज येण्याजोगी असली तरी वाट ती वाटच, आणि लांडगा ती रात्री वापरतो.

२०१५ पासून प्रांताने लांडगे मारण्याचा कार्यक्रम हाती घेतला आहे. काही कळप त्यामुळे सावरले, पण तो किती वर्षं चालवायचा यावर तीव्र मतभेद आहेत. वेस्ट मोबर्ली आणि सोल्टो या आदिवासी राष्ट्रांनी क्लिन्से-झा कळपासाठी लांडग्यांचं नियंत्रण आणि विणीच्या माद्यांसाठी कुंपण असे दोन्ही उपाय एकत्र राबवले. २०१३ मध्ये ३८ असलेला कळप २०२१ पर्यंत १०१ वर गेला.

डिझेल आणि बर्फ

उतार सपाट करणाऱ्या मोठ्या यंत्राला तासाला साधारण २० ते २५ लिटर डिझेल लागतं. हेच प्रमाण धरून सात तासांचा दिवस आणि बारा पाहुणे घेतले, तर माणशी १२ ते १५ लिटर, म्हणजे सुमारे ३० ते ४० किलो कार्बन डायऑक्साइड. या धंद्यात वर्षानुवर्षं वापरलं गेलेलं बेल २१२ हेलिकॉप्टर तासाला ३५० ते ४०० लिटर इंधन जाळतं, म्हणून कॅट उजवं ठरतं, असं कंपन्या म्हणतात. टीकाकार हिशेबाची चौकट मोठी करतात : युरोपातून विमानाने येऊन-जाऊन होणारं उत्सर्जन माणशी एक टनाच्या पुढे जातं, मग डोंगरावरची बचत त्यात बुडून जाते. गाडीने येणाऱ्या स्थानिक पाहुण्याचा हिशेब अर्थातच वेगळा निघतो.

पर्यायी यंत्रं येत आहेत. पिस्टनबुलीने डिझेल-विद्युत यंत्र २०१२ मध्ये आणि पूर्ण बॅटरीवरचं लहान यंत्र २०१९ मध्ये आणलं. प्रिनोथने २०२० मध्ये हायड्रोजनवरचा नमुना दाखवला. पण ही यंत्रं रिसॉर्टच्या चार्जिंगजवळ रात्री काम करण्यासाठी आहेत. विजेच्या तारा न पोहोचलेल्या लॉजवर, बारा माणसं घेऊन दिवसभर खडी चढण चढणं ही दुसरी परीक्षा आहे.

दरम्यान बर्फाचा भरवसा कमी होतो आहे. सेल्कर्कमधल्या माउंट फिडेलिटीवर हंगामात सरासरी १४ मीटरच्या आसपास बर्फ पडतो. तरी १ एप्रिल २०२४ रोजी संपूर्ण प्रांतातला हिमसाठा नेहमीच्या ६३ टक्केच होता. हेलिकॉप्टर उंचावरच्या बर्फाकडे सरकू शकतं. कॅटची वाट मात्र दरीतून सुरू होते, आणि खाली पाऊस पडला की आधी तीच बिघडते.

डोंगर कोणाचा?

ब्रिटिश कोलंबियातली सुमारे ९४ टक्के जमीन सरकारी आहे. कंपनीला मिळतो तो व्यवसायाचा परवाना. सामान्य माणसाला तिथे येण्यापासून त्याने अडवता येत नाही. त्यामुळे कंपनीने खर्च करून केलेल्या वाटेवरून स्नोमोबाइलवाले आणि पायी चढणारे वर येतात, कोरा उतार आधी गाठतात आणि कुरबुरी होतात. पायी स्कीअरांची उलट तक्रार असते, की पूर्वी शांत असलेलं खोरं परवान्यामुळे यंत्रांचं झालं. गावांची बाजू वेगळी. लाकूड आणि खाणकाम आक्रसलेल्या कूटने भागात हिवाळ्यातला रोजगार याच धंद्यावर बराच उभा आहे.

या वादात आदिवासींचा प्रश्न आता पुढे आला आहे. १९५६ मध्ये सरकारने या भागातले सिनिक्स्ट लोक ‘नामशेष’ ठरवले होते. परवान्यांचा हा सगळा व्यवहार उभा राहिला तेव्हा ते कागदोपत्री अस्तित्वातच नव्हते. एप्रिल २०२१ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने, सीमेपलीकडे अमेरिकेत राहणाऱ्या त्यांच्या वंशजांनाही कॅनडातल्या या भूमीवर घटनात्मक हक्क असू शकतात, असं म्हटलं. परवान्यांच्या नूतनीकरणात त्यांचं म्हणणं कसं ऐकायचं, याची घडी अजून बसायची आहे.

काय सुटलेलं नाही

सुरक्षिततेत सर्वांत मोठी उणीव तुलनेची आहे. गाइडसह स्कीइंग करणाऱ्यांचे दिवस मोजले जातात, स्वतंत्रपणे जाणाऱ्यांचे नीट मोजले जात नाहीत. त्यामुळे गाइडमुळे नेमका किती फरक पडतो हा आकडा वादातीत नाही. सायमन फ्रेझर विद्यापीठातला एक संशोधक गट गाइडांच्या रोजच्या उतार-याद्यांवरून त्यांच्या निर्णयांचे नमुने काढतो आहे. धोका टळला म्हणून काहीच घडलं नाही, की नशिबाने घडलं नाही, हे त्यातून वेगळं करता येईल का, हे पाहायचं आहे.

वन्यजीवांबाबत स्नोमोबाइल आणि हेलिकॉप्टरवरचे निष्कर्ष स्नोकॅटला जसेच्या तसे लावले जातात. फक्त कॅटच्या वाटांवर लांडगे किती फिरतात यावरचा पुरावा तुटपुंजा आहे. हंगाम संपताना वाटा मोडून टाकणं, काही खोरी आळीपाळीने विश्रांतीला ठेवणं असे उपाय सुचवले जातात, पण त्यांचा खर्च कोणी सोसायचा यावर गाडं अडतं.

नाकुस्पजवळ एका स्थानिक संस्थेने २०२२ पासून मध्य सेल्कर्क कळपातल्या गाभण माद्यांसाठी कुंपण उभारलं आहे. १९९० च्या दशकात दोनशेच्या घरात असलेला हा कळप आता तिसाच्या आसपास आहे, आणि तो ज्या डोंगरात वावरतो तिथेच स्की कंपन्यांचे परवानेही आहेत. प्रत्येक कळपासाठी स्वतंत्र आराखडे करण्याचं काम सरकार आणि आदिवासी राष्ट्रं मिळून करत आहेत. कोणत्या उतारांवर कोणत्या महिन्यांत कॅट चढू द्यायचं, हे कंपन्यांच्या स्वेच्छेच्या नियमांवर सोडायचं की परवान्याच्या अटींत लिहायचं, यावर या आराखड्यांत काय ठरतं याची वाट लॉजवाले आणि वन्यजीव अभ्यासक दोघेही पाहत आहेत.